एक घास कमी

९ ऑक्टोबर

धाकट्या,

इतके दिवस काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल माफ कर. हे वाक्य मी आधी वेगळं लिहिलं होतं. त्यात ‘वेळ मिळाला नाही’ असं होतं, ते खोटं म्हणून खोडलं. मग ‘तूही लिहिलं नाहीस’ असं लिहिलं. ते खरं होतं, पण ती माफी नव्हती, म्हणून तेही खोडलं. दोन वर्षं झाली. नुसतं माफ कर.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. खानावळीचा पत्ता तुझ्या त्या गॅरेजवाल्या मित्राकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. तो द्यायला तयार नव्हता, मी त्याच्या दुकानात ठिय्या देऊन बसले तेव्हा कुठे दिला.

बाबा बरे आहेत. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांची सगळी पथ्यं काढून टाकली. ‘आता त्यांना आवडेल ते देत जा,’ म्हणाल्या. तेव्हा एक चांगली बातमी म्हणून कळवते.

त्यावरूनच एक विचारायचं होतं. बाबा रात्रपाळीवरून पहाटे घरी आले की तुम्ही दोघं स्वयंपाकघरात पाव परतून खायचात. मी झोपलेली असायचे, पण वास माझ्या खोलीपर्यंत यायचा. तो पाव तू नंतरही त्यांना करून आणायचास. त्याला चरबी कोणती घेतोस, लोणी की दुसरं काही? तवा किती तापू देतोस? पाव शिळा असतो का? एवढंच हवं आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवते आहे असं समजू नकोस. माझ्या कामालाही हे उपयोगी आहे. आमच्या डेअरीच्या चव-विभागात सध्या एक पाहणी चालू आहे: कोणत्या माणसांना स्निग्ध पदार्थ जास्त आवडतात आणि त्यांचं राहणीमान कसं असतं. बाहेरची माणसं येतात, लाल दिव्याखाली छोट्या कप्प्यात बसतात. लाल दिवा अशासाठी की पदार्थाचा रंग कळू नये. पिवळं दिसलं की माणसाला ते आपोआप लोण्याचं वाटतं. झरोक्यातून आम्ही चार नमुने आत सरकवतो. दिसायला सारखे, आतली स्निग्धता चढती. त्यांनी आवडता सांगायचा. मग आम्ही प्रश्न विचारतो. किती झोपता? सिगारेट ओढता का? रात्रपाळी असते का? कधी वजन कमी करायचं पथ्य केलं होतं का? जेवताना सोबत कोण असतं?

बाबांची उत्तरं काय आली असती ते मी मनातल्या मनात भरून टाकलं. त्यांच्यासारखा माणूस चौथाच नमुना उचलणार.

उत्तर पाठव. तुझा पोळ्यांचा डबा अजून माझ्याकडे आहे. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकड्यावर ठेवून गेलास तो.

ताई

२२ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. टपालाचा घोळ असेल असं मी धरून चालले होते. परवा ते धरून चालणंही सोडलं आणि खानावळीत फोन केला.

जाड आवाजाच्या माणसाने उचलला. मागे भांड्यांचा खणखणाट आणि त्याच्यावरून तुझा आवाज: “अरे आच कमी कर, राक्षसा, करपतंय ते!” तू बरा आहेस हे कळलं. आवाज बसलाय तुझा थोडा. तो माणूस म्हणाला, “बोला, कोण बोलतंय?” आणि मी फोन ठेवून दिला.

उत्तर सोपं होतं. बहीण, एवढंच म्हणायचं. पण मग तो हाक मारणार, “तुझी बहीण आहे रे,” आणि त्या सगळ्या भांड्यांच्या आवाजात तू काय म्हणशील ते मला ऐकावं लागणार. तेवढी हिंमत नव्हती. असो.

बाबा ठीक आहेत. थोडे बारीक झालेत. पट्ट्याला नवीन भोक पाडून आणलं. मोच्याने विचारलं, पट्टा मुलाचा का म्हणून.

पथ्य उठलं तेव्हा मला वाटलं होतं, आता जेवतील. दोन वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यात त्यांचा दिवस जायचा. “ही भाजी आंघोळ करून आली का गं? नुसतीच ओली आहे.” आणि सायीशिवायच्या दुधाला, “दूध आहे की दुधाचं भूत?” मी चिडायचे. आता टेबलावर लोणी ठेवते, साय ठेवते, तर म्हणतात, “छान आहे,” आणि ताट सरकवतात. नावं ठेवत नाहीत. त्याचीच मला भीती वाटते.

म्हणून मी एक केलं. पाव आणला, लोण्यात परतला, तुझ्या डब्यात घातला आणि त्यांना म्हटलं, “धाकट्यानं पाठवलाय.”

बाबा उठून बसले. डबा हातात घेऊन झाकणावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवला. उघडला, बघितला. एक तुकडा मोडला, खाल्ला. “छान आहे,” म्हणाले. डबा बंद करून मला परत दिला.

मी प्रमाण चुकवलं असणार. लोणी कमी पडलं, नाहीतर पाव फार ताजा होता. आमच्याकडे याची एक रीत आहे. बिस्किटातलं लोणी कमी करायचं झालं तर एकदम करत नाहीत. गिऱ्हाईकाच्या जिभेला पत्ता लागणार नाही इतकं थोडं थोडं, महिनोन्महिने उतरवत नेतात. तसंच उलटं चढवताही येतं. मी तसं करणार आहे.

तरी पण एका ओळीत लिहिशील का, तवा किती तापवतोस ते?

ताई

३ नोव्हेंबर

धाकट्या,

हे पत्र रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगते.

तू उत्तर देणार नाहीस हे आता कळलं. ठीक आहे. मग माझंही ऐकून घे. त्या दिवशी मी जे बोलले त्यातला ‘विष’ हा शब्द मी मागे घेते. बाकीचं घेत नाही. बाबा छातीला नळ्या लावून आत पडलेले, डॉक्टरीणबाई सांगून गेलेल्या की लोण्याचा, तळणाचा कणही नको, आणि तू डबा घेऊन आलास. मी झाकण उघडलं तर लोण्याने थबथबलेला पाव, त्यातही एक घास खाल्लेला. कोणत्याही शहाण्या माणसाने मला सांगावं, मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, आजारी बापाला उष्टं आणतोस? हावरटपणा निदान दारापर्यंत तरी आवरायचा होतास. तू काही बोलला नाहीस. डबा बाकड्यावर ठेवलास आणि गेलास. मी ‘परत येऊ नकोस’ म्हटलं, ते तू तरी ऐकायला नको होतंस. आयुष्यात माझं एक वाक्य ऐकलंस, नेमकं तेच.

मी त्यांना दोन वर्षं जगवलं, धाकट्या. उकडून, निथळून, मोजून. हे तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते.

आता दुसरी गोष्ट. ही लिहू की नको असं झालं होतं. रोजनिशीत लिहिली, मग वाटलं तिथे ठेवून लपवल्यासारखं होईल.

पाहणी सुरू असताना अधूनमधून आम्ही स्वतःच कप्प्यात बसतो, आमच्या जिभा ठिकाणावर आहेत का ते बघायला. काल माझी पाळी होती. नमुने लावायला माझ्याबरोबरची ती, तिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो, पन्नाशीला आली तरी तोंड बंद नसतं. कोमट पाण्याने चूळ भरली, चारही नमुने चाखले. आजवर मी कायम पहिला नाहीतर दुसरा उचलत आले. साहेब पाहुण्यांना सांगतात, ‘या बाईंची जीभ म्हणजे आमची मोजपट्टी.’ काल मी निवडला तो नमुना चिमणीने ताडून बघितला आणि झरोक्यातून तोंड आत घालून म्हणाली, “अगंबाई! मोजपट्टीच लोण्यात पडली!”

मी म्हटलं, “परत लाव.” तिने क्रम बदलून परत लावले. मी परत चौथाच उचलला.

“चल, आता प्रश्न,” ती म्हणाली. “किती झोपतेस?”

“झोपते की.”

“हे उत्तर नाही. साहेबांनी तुलाच छापायला सांगितला होता हा कागद. सिगारेट?”

“वेडी आहेस का?”

“नाही लिहिते. जेवताना सोबत कोण असतं?”

“बाबा.”

“बाबा दिवेलागणीलाच झोपतात म्हणालीस ना परवा?”

“मग रेडिओ लिही.”

“रेडिओला ‘कोण’ म्हणत नाहीत गं.” आणि मग तिचा आवाज उतरला. “एकटी असं लिहू?”

लिही म्हटलं.

साहेबांना या पाहणीतून एक ओळ हवी आहे. अमुक माणसाला लोणी जास्त आवडतं, त्याच्या दाराशी जाहिरात लावा. तशी ओळ निघत नाही. कमी झोपणारे आहेत, धूर ओढणारे आहेत, पुरुष थोडे जास्त आहेत, वर्षानुवर्षं पथ्य केलेले तर फारच आहेत. पण यातलं काय आधी आणि काय नंतर, ते आमच्या कागदावरून कळत नाही. मी फक्त माझ्यापुरतं सांगू शकते. त्या चौथ्या नमुन्याची चव आपल्या जुन्या घरातल्या त्या वासासारखी होती. दाराच्या फटीतून येणाऱ्या. तुम्ही दोघं हळू आवाजात हसायचात आणि मी उशीत तोंड खुपसून पडायचे. मला शाळा असायची. तुलाही असायची. तुला कोणी झोप म्हणालं नाही.

बाबांसाठी लोणी चढवत नेते आहे. ‘छान आहे’ चालू आहे.

ताई

८ नोव्हेंबर

धाकट्या,

डॉक्टरीणबाईंनी पथ्यं काढली याचा अर्थ तुला पहिल्याच पत्रात कळला असेल. तू इतकी वर्षं माणसांना जेवू घालतो आहेस. ‘आता आवडेल ते द्या’ हे कोणाबद्दल म्हणतात ते तुला माहीत असणार. मी त्याला चांगली बातमी म्हटलं. मलाही तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं होतं त्यांना, किती दिवस. त्या म्हणाल्या, “दिवस मोजू नका. ज्यांना भेटायचंय त्यांना बोलवून घ्या.” हे वाक्य मी तुला कळवलं नाही. बाकीचं सगळं कळवलं.

आज सकाळी पुन्हा पाव केला. एव्हाना इतकं लोणी की बोटांना चिकटत होतं. डब्यात घालून नेला. “धाकट्याकडून आलाय.”

बाबांनी डबा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. “हा त्याचा नाही.”

“कशावरून?”

“अख्खा आहे.”

मला कळेना. “मग?”

“त्याचा पाव अख्खा कधी नसतो. एक घास कमी असतो.”

“हावरटच आहे तो पहिल्यापासून,” मी म्हटलं. सवयीनेच निघालं तोंडून. आई म्हणायची, मी म्हणायचे, पाहुणे आले की तेही म्हणायचे.

बाबा हसले. हसताना त्यांना आता धाप लागते. “हावरट? त्याला तर तो पाव आवडायचाही नाही. फार चरबट लागतो म्हणायचा.”

मग त्यांनी सांगितलं. तुला माहीतच आहे, पण मला माहीत नव्हतं, म्हणून मी लिहिणार.

शीतगृहात रात्रभर गोठलेली खोकी उचलून आले की त्यांची बोटं लाकडासारखी असायची. ओठसुद्धा. पोटात काहीतरी जड, तुपट गेल्याशिवाय थंडी हटायची नाही. एका पहाटे तव्यावरचा पाव तसाच तोंडात घातला. भाजतंय हे कळलंच नाही, जीभ सोलून निघाली तेव्हा कळलं. “तो तिथे टेबलाखाली बसलेला. एवढासा. रडायला लागला. दुसऱ्या दिवसापासून पाव झाला की आधी हा चावून बघणार. ‘थांबा बाबा, अजून भाजतंय.’ मग फुंकणार. परत जिभेला लावून बघणार. ‘आता घ्या.’”

“आम्हाला कधी सांगितलं नाहीत.”

“तुझ्या आईनं दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडायला लावली असती. आमचं ठरलं होतं, कोणाला बोलायचं नाही.”

“पण नंतर? नोकरी सुटल्यावर? हात बरे झाल्यावर?”

“नंतर त्याची सवय राहिली. आणि माझीपण.” त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. “तू चांगला केलायस. पण मला भूक नाही.”

मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. मी लोणी मोजत बसले होते, तापमान मोजत बसले होते. कमी काय होतं तर तो घास.

मला तुझा राग आला, हे खरं सांगते. माझा स्वतःचा नंतर आला, आधी तुझा. त्या बाकड्यापाशी एक वाक्य बोलला असतास. ‘ताई, ते उष्टं नाही, गरम आहे का ते बघितलंय.’ एवढं पुरलं असतं. लहानपणीचं गुपित तू चाळिशीतही पाळलंस, बहिणीच्या तोंडून वाटेल ते ऐकून घेतलंस. कोणासाठी? आई जाऊन किती वर्षं झाली. मला सांगायचं नव्हतं एवढंच ना? पहाटेच्या त्या टेबलाशी तिसरी खुर्ची तुम्हाला नकोच होती.

हे अन्यायाचं आहे, मला कळतंय. खोडत नाही.

ताई

१० नोव्हेंबर

धाकट्या,

आज मी पुन्हा खोटं बोलले. आधीच्या खोट्यापेक्षा वाईट.

पाव परतला. थोडा थांबले, मग एका कडेचा घास चावला. भाजत होतं. फुंकर मारली, पुन्हा जिभेला लावून बघितला. मग डब्यात घालून त्यांच्याकडे नेला. काही बोलले नाही, नुसता उघडून हातात दिला.

बाबांनी त्या चावलेल्या कडेकडे बराच वेळ बघितलं. मग खायला लागले. सावकाश, पण पूर्ण खाल्ला, धाकट्या. चुरासुद्धा बोटाला लावून उचलला. किती दिवसांनी त्यांच्या हनुवटीवर लोण्याचा ओघळ बघितला.

“घास लहान झालाय त्याचा,” म्हणाले. “नीट जेवत नाही वाटतं.”

“काम फार असतं त्याला.”

“कधी आला होता?”

“पहाटे. तुम्ही झोपला होतात.”

“उठवायचं मग.” डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. तेवढ्यात म्हणाले, “पुढच्या वेळी उठव मला. दोघांनाही सांगतोय.”

त्यांना कळलं होतं का, हे मी दिवसभर स्वतःला विचारते आहे. तीन वाट्यांतली वेगळी वाटी मी डोळे मिटून काढून दाखवते, पगार त्याचाच मिळतो. पण बाप आपल्यासाठी खातोय की आपल्यावर दया करून खातोय, ते मला त्याच्या तोंडाकडे बघून सांगता आलं नाही. कळलं असेल तर त्यांनी मला त्या टेबलाशी बसवलं, पण तुझ्या नावाने. कळलं नसेल तर ते आता तुझी वाट बघत झोपले आहेत आणि ती मी बघायला लावली आहे.

ते झोपल्यावर तव्यात उरलेला दुसरा पाव मी उभ्याउभ्याच खाल्ला. तो मला फार आवडला, हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. मी पाव खाल्ल्याचं सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “चांगलं झालं.” मी काय ऐकते आहे ते मला समजलं.

मागच्या पत्रांत मी तुला काय काय लिहिलं ते आठवून पाहिलं. तव्याचं विचारलं, डब्याचं सांगितलं, दोष दिला, अर्धी माफी मागितली. ‘ये’ असं एकदाही लिहिलं नाही. ‘येऊ नकोस’ म्हणायला तेव्हा एक क्षण लागला होता.

आता लिहिलं तरी हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायला जेवढे दिवस लागतात, तेवढे बाबांजवळ आहेत असं वाटत नाही. आणि पोचलं तरी तू फोडशील, अशी मी तुझी कोण लागून गेले?

ताई

उद्या: खानावळीत फोन करायचा. ‘कोण बोलतंय’ विचारलं की ठेवायचा नाही.